नेत्रिकेची निवड

दुर्बीण दिसली की मुलांच्या तोंडून पहिला प्रश्न हमखास निघतो तो हा : "ही किती पट मोठे दाखवते?" प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु त्याचे उत्तर केवळ दुर्बिणीच्या लांब नळीत सापडत नाही. जिला आपण डोळा लावतो, त्या बोटभर लांबीच्या नळकांड्यावरही ते अवलंबून असते. ह्या नळकांड्याला नेत्रिका म्हणतात. दुर्बिणीचा मोठा आरसा आकाशस्थ वस्तूचा प्रकाश गोळा करून तिची एक इवलीशी प्रतिमा तयार करतो, आणि नेत्रिका ती प्रतिमा आपल्याला मोठी करून दाखवते. आरसा उत्तम असूनही नेत्रिका हलकी असेल, तर आरशाचे सारे श्रम वाया जातात. म्हणून थोड्या पैशांत चांगली नेत्रिका कशी निवडावी, हे ह्या पाठात पाहू. उदाहरणादाखल आपण डॉबसन पद्धतीची दुर्बीण घेऊ. कारण मोठा आरसा आणि कमी खर्च ह्यांचा मेळ तिच्यात उत्तम साधलेला असतो.

जॉन डॉबसन ह्यांचा जन्म १९१५ साली चीनमधील पेकिंग येथे झाला. अमेरिकेत रसायनशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर १९४४ साली ते सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीत संन्यासी म्हणून दाखल झाले. ही संस्था १९०० साली स्वामी विवेकानंदांनी स्थापन केली होती. संन्याशापाशी पैसा कोठून असणार? डॉबसन ह्यांनी जहाजाच्या खिडकीची टाकाऊ जाड काच घासून आरसे तयार केले, नळीसाठी पुठ्ठा वापरला, आणि ती पेलण्यासाठी लाकडी फळ्यांची एक साधी बैठक केली. ही बैठक तोफेच्या गाड्यासारखी असते. तिच्यावर दुर्बीण वर-खाली आणि उजवी-डावीकडे हाताने हलवायची. १९६७ साली त्यांनी मठ सोडला आणि पुढील वर्षी सोबत्यांसह एक मंडळ स्थापन केले. हे लोक शहरातील पदपथावर दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र व शनी दाखवीत. २०१४ साली वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी डॉबसन निवर्तले. पण त्यांची बैठक आज जगभर वापरली जाते.

आता आपली दुर्बीण डोळ्यांपुढे आणा. तिच्या आरशाचा व्यास २५० मिलिमीटर आहे आणि आरशापासून प्रतिमेपर्यंतचे अंतर, म्हणजे आरशाचे नाभीय अंतर, १२५० मिलिमीटर आहे. १२५० ला २५० ने भागले की ५ हे गुणोत्तर येते. पाच किंवा त्याहून कमी गुणोत्तराच्या दुर्बिणीला 'वेगवान' म्हणतात. ती काही धावत नाही! हा शब्द छायाचित्रकारांचा आहे. गुणोत्तर लहान असले की चित्र उजळ उमटते आणि छायाचित्र झटपट घेता येते. म्हणून तो वेग. आपल्या दृष्टीने वेगवान दुर्बिणीचा खरा लाभ असा, की तिची नळी आखूड राहते आणि दोघांना ती सहज उचलता येते.

परंतु ह्या लाभाची किंमत नेत्रिकेला मोजावी लागते. आरशावरून निघालेले किरण शंकूच्या आकाराने एकत्र येतात. गुणोत्तर १० असेल तर हा शंकू निमुळता असतो. त्याच्या टोकाचा कोन सहा अंशांहूनही कमी भरतो. गुणोत्तर ५ झाले की हाच कोन सुमारे अकरा अंश होतो. किरण असे तिरपे आले म्हणजे साध्या नेत्रिकेतील भिंगांना ते नीट वळवता येत नाहीत. मधला तारा टाचणीच्या टोकासारखा दिसतो, पण कडेचे तारे पसरून पक्ष्यांच्या पंखांसारखे होतात. निमुळत्या शंकूच्या दुर्बिणीत जी नेत्रिका शहाण्यासारखी वागते, तीच वेगवान दुर्बिणीत गोंधळ घालते, हे विसरू नका. मित्राच्या लांब दुर्बिणीत छान दिसले, एवढ्यावरून तीच नेत्रिका आपल्यासाठी घेणे बरोबर नव्हे.

स्वस्त दुर्बिणींबरोबर पुष्कळदा दोनच भिंगांच्या नेत्रिका येतात. त्यांतील एक रचना सतराव्या शतकातील हायगेन्स ह्यांची, तर दुसरी अठराव्या शतकातील रॅम्सडेन ह्यांची. ज्या काळी दुर्बिणी फार लांब असत, त्या काळी त्या पुरेशा होत्या; आपल्या दुर्बिणीला त्या मुळीच उपयोगाच्या नाहीत. १८६० साली व्हिएन्ना येथील गेओर्ग प्लोसल ह्यांनी जोडभिंगांच्या दोन जोड्या समोरासमोर ठेवून एक नवी नेत्रिका बनविली. आजही थोड्या पैशांत मिळणारी, विश्वासाची नेत्रिका म्हणजे ही प्लोसल नेत्रिका होय. तिच्यातून सुमारे ५० अंशांचे दृष्टिक्षेत्र दिसते. वेगवान दुर्बिणीत तिच्याही कडा थोड्या बिघडतात, पण क्षेत्रच बेताचे असल्यामुळे ते फारसे खुपत नाही. पुढे अमेरिकेचे अल नॅगलर ह्यांनी अनेक भिंगांची, ८२ अंशांच्या क्षेत्राची नेत्रिका तयार केली. चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या सरावयंत्रातील दृश्ये दाखविणाऱ्या भिंगरचनेवर त्यांनी पूर्वी काम केले होते. अशा नेत्रिका वेगवान दुर्बिणीतही कडेपर्यंत स्वच्छ दाखवतात. मात्र एखादीची किंमत अख्ख्या दुर्बिणीच्या घरात जाते.

नेत्रिकेवर १०, १५, २५ असे आकडे कोरलेले असतात. ते तिचे नाभीय अंतर मिलिमीटरांत सांगतात. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला ह्या आकड्याने भागले की विशालन मिळते. १२५० भागिले २५ म्हणजे ५० पट. तोच आकडा दुर्बिणीच्या गुणोत्तराने भागला, तर नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी कळते. २५ भागिले ५ म्हणजे ५ मिलिमीटर. तुमच्या डोळ्याची बाहुली काळोखात सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. शलाका त्याहून जाड झाली, तर जादा प्रकाश बाहुलीच्या बाहेर सांडतो. म्हणून ह्या दुर्बिणीला ४० मिलिमीटरची नेत्रिका लावणे व्यर्थ आहे. माझ्यासारख्या साठी उलटलेल्याची बाहुली तर जेमतेम ५ मिलिमीटर उघडते. आजोबा आणि नातू एकाच दुर्बिणीतून पाहत असले, तरी दोघांना सारखेच उजळ दिसेल असे नाही!

तर मग विकत काय घ्यावे? दहा-बारा नेत्रिकांची चकचकीत पेटी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यातील निम्म्या नेत्रिका पेटीतच राहतात. त्यापेक्षा २५ आणि १५ मिलिमीटरच्या दोन प्लोसल नेत्रिका घ्याव्यात आणि त्यांच्या जोडीला एक दुप्पट करणारे बार्लो भिंग घ्यावे. पीटर बार्लो ह्या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे हे अंतर्वक्र भिंग नेत्रिकेच्या पुढे बसवितात. ते विशालन दुप्पट करते. एवढेच नव्हे, तर किरणांचा शंकूही निमुळता करते. म्हणजे ५ गुणोत्तराची दुर्बीण नेत्रिकेला १० गुणोत्तराची भासते आणि साध्या प्लोसलच्या कडाही सुधारतात. वेगवान दुर्बिणीच्या गरीब मालकाला ह्याहून मोठा मित्र नाही. हिशेब करून पाहा : दोन नेत्रिका आणि एक भिंग ह्यांतून ५०, ८३, १०० आणि १६७ पट अशी चार विशालने मिळतात. पन्नास पटीत अख्खा चंद्र क्षेत्रात मावतो आणि वर जागाही उरते. १६७ पटीत हवा स्थिर असेल तर शनीच्या कड्यांमधील काळी फट दिसू शकते.

पुढे आणखी पैसे साठले, तर ६ मिलिमीटरची, सुमारे ६६ अंशांच्या क्षेत्राची एक नेत्रिका घ्यावी. ह्या प्रकारात बार्लोसारखे भिंग आतच बसविलेले असते आणि किंमतही आटोक्यात राहते. ६ मिलिमीटरची प्लोसल मात्र घेऊ नये. तिच्यात डोळा काचेला इतका खेटून ठेवावा लागतो, की पापण्या घासतात आणि काच मळते. चष्मा लावणाऱ्यांची तर फारच पंचाईत होते. ज्यांना केवळ दूरचे किंवा केवळ जवळचे दिसत नाही, त्यांनी चष्मा काढून दुर्बिणीची खुंटी फिरवली की काम भागते. परंतु ज्यांच्या चष्म्यात तिरप्या अक्षाचा नंबर आहे, त्यांना चष्म्यासकटच पाहावे लागते. त्यांच्यासाठी डोळा पंधरा-वीस मिलिमीटर दूर ठेवून पाहता येईल अशीच नेत्रिका हवी.

रुंद क्षेत्राचा आणखी एक उपयोग आहे, आणि शाळेच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. डॉबसनच्या साध्या बैठकीला यंत्र नसते. पृथ्वी मात्र फिरत राहते. त्यामुळे आकाशाच्या विषुववृत्ताजवळील ग्रह दर मिनिटाला अंशाचा पाव भाग सरकतो. ६ मिलिमीटरच्या नेत्रिकेने विशालन सुमारे २०८ होते. ५२ अंशांच्या नेत्रिकेला २०८ ने भागले की आकाशाचा पाव अंश उरतो. म्हणजे ग्रह एका कडेने शिरून दुसऱ्या कडेने निघून जायला फक्त एक मिनिट! ६६ अंशांत हाच अवधी सव्वा मिनिटाचा होतो. हा फरक घरी एकट्याने पाहताना किरकोळ वाटेल. परंतु मैदानावर चाळीस मुलांची रांग उभी आहे, थंडी वाजते आहे, आणि पुढचा मुलगा ओट्यावर चढून डोळा लावीपर्यंत शनी नाहीसा होतो, असे झाले तर? शेवटची मुले "काहीच दिसले नाही" असे म्हणत घरी जातील. रांग मोठी असेल तेव्हा विशालनाचा मोह सोडून शंभर पटच ठेवावे. शनीचे कडे तेवढ्यातही छान दिसते.

नेत्रिका घेण्यापूर्वी तिची परीक्षा करावी. प्रथम तिची काच उजेडात तिरपी धरावी. प्रतिबिंब हिरवट किंवा जांभळट दिसले, तर भिंगावर प्रकाश वाया न घालविणारा लेप आहे असे समजावे. प्रतिबिंब लख्ख पांढरे असेल तर लेप नाही. मग रात्री, दुर्बिणीचे आरसे नीट जुळवून, एक ठळक तारा मध्यभागी रेखीव करावा आणि हळूहळू कडेला न्यावा. तेथे तो फुगला, पण खुंटी किंचित फिरवताच पुन्हा रेखीव झाला, तर दोष सौम्य आहे. खुंटी कशीही फिरवली तरी त्याचे पंख जात नसतील, तर ती नेत्रिका वेगवान दुर्बिणीच्या कामाची नाही. आणि ताऱ्याला धूमकेतूसारखी, मध्यापासून बाहेर वळलेली शेपटी दिसली, तर दुकानदाराशी भांडू नका. ती शेपटी नेत्रिकेची नसून आखूड नाभीय अंतराच्या आरशाची आहे, आणि दुसरी नेत्रिका लावली म्हणून ती जात नाही.