शिरे मोजावी की घरे?

जुने मोडी कागद कसे वाचावेत, हे परवा मी वर्गात सांगत होतो. ‘देहेझाडा’ हा शब्द आला, तेव्हा मागल्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, देह म्हणजे शरीर ना? मग गावांच्या यादीत शरीर कुठून आलं?” वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, “बाबा रे, हा देह संस्कृतातला नव्हे, फारसीतला. देह म्हणजे गाव. देहेझाडा म्हणजे गावांची यादी.”

मुलाचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही. आपल्या दफ्तरांत इतका काळ मुक्काम ठोकून बसलेला हा ‘देह’ स्वतःच्या मुलखात आज कसा नांदतो आहे, हे पाहावे म्हणून घरी येताच मी इराणचा नकाशा उघडून बसलो.

तिथल्या कारभारात त्याची जागा अजून पक्की आहे. देशाचे भाग म्हणजे उस्तान, आपल्या भाषेत प्रांत. उस्तानात शहरिस्ताने, शहरिस्तानात बख्श, बख्शात देहिस्ताने, आणि सर्वांच्या तळाशी गाव. आपले जिल्हा, तालुका, मौजे डोळ्यांपुढे आणले, की वाचकांना ही उतरंड फारशी परकी वाटणार नाही. गाव कशास म्हणावे, हेही १९८३ च्या कायद्याने ठरवून दिले आहे. निदान २० कुटुंबे किंवा १०० माणसे हवीत, मग ती एका जागी राहोत की विखुरलेली. बहुतेकांचे पोट शेती, गुरे, बागा यांसारख्या उद्योगांवर चालावे. शिवाय त्या जागेला ‘देह’, ‘आबादी’ असे काहीतरी म्हणण्याचा लोकांचा परिपाठ असावा. कायद्याने एक माप लोकांच्या जिभेवर सोपवावे, याचे माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराला फार कौतुक वाटले.

या मापाने एक गाव मोजून पाहू. केरमान प्रांतात शहर-ए-बाबक नावाचे शहरिस्तान आहे. त्याच्या मध्यवर्ती बख्शात मैमंद नावाचे देहिस्तान, आणि त्याला नाव देणारे गावही मैमंदच. भाषा फारसी. २००६ च्या मोजणीत लोकसंख्या ६७३, कुटुंबे १८१. कागदावर सारे कसे नीटनेटके!

पण हे गाव वर्षभर एका जागी बसतच नाही. हिवाळ्यात माणसे डोंगराच्या मऊ खडकात कोरलेल्या घरांत राहतात. चुलीच्या धुराने तिथल्या भिंती काळ्याभोर झालेल्या असतात. थंडी ओसरली, की शेळ्यामेंढ्या हाकीत कुरणांजवळच्या वस्तीवर जायचे. उन्हाळ्यात मुक्काम हलतो पाण्याकाठच्या बागांतल्या घरांत. गारठा पडू लागला, की पुन्हा खडकाच्या पोटात. असा हा तीन बिऱ्हाडांचा संसार! युनेस्कोने २०१५ साली मैमंदला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, ते या राहणीसह सारा प्रदेश मिळून.

मोजणीच्या नावातही गंमत आहे. आपले आजे-पणजे ‘खानेसुमारी’ म्हणत. खाना म्हणजे घर, सुमारी म्हणजे मोजणी. इराणात आज ‘सरशुमारी’ म्हणतात; सर म्हणजे डोके. आपली ‘शिरगणती’ ती हीच. मैमंदात मात्र या दोन शब्दांचे पटायचे नाही. तिथे एकेका कुटुंबाची तीन ठिकाणी घरे. घरे मोजाल तर गाव भरलेले दिसेल. खरे काय ते शिरे मोजल्यावरच कळेल.

आणि शिरे तर शहराकडे निघाली आहेत. १९५६ साली इराणची पहिली देशव्यापी शिरगणती झाली, तेव्हा शंभरांतली सुमारे ३१ माणसे शहरांत राहत होती. २०१६ साली हा आकडा ७४ वर गेला. मैमंदही या ओढीतून सुटलेले नाही. तरुण मंडळी बाहेर पडतात, म्हातारी मागे राहतात. खडकातले घर माणूस गेला म्हणून लगेच कोसळत नाही. ते तसेच उभे राहते, रिकामे.

हे सारे वाचताना मला माझी आई आठवली. २०११ च्या जनगणनेला शाळेचे गुरुजी आमच्या कोकणातल्या घरी आले होते. वडील गेल्यापासून आई तिथे एकटी. “घरात माणसं किती?” या प्रश्नाला तिने बिनदिक्कत “नऊ” म्हणून सांगितले, आणि मुंबई-पुण्याच्या मुलासुनानातवंडांची नावे वयांसकट घडाघडा म्हणून दाखविली. गुरुजी संकोचून म्हणाले, “काकू, इथं राहतात तेवढीच लिहायची असतात हो.” आई क्षणभर थांबली. म्हणाली, “मग एक लिहा. पण गणपतीत येऊन पाहा!”

ती गेल्याला आता सहा वर्षे झाली. घर शाबूत आहे. गणपतीत आम्ही आठजण जातो, पाच दिवस दारे उघडी ठेवतो, आणि सहाव्या दिवशी कुलूप लावून शेजारी किल्ली देतो. खानेसुमारीत आमचे घर अजूनही धरता येईल. शिरगणतीत तिथे शून्य.

देह म्हणजे गाव, असे मी वर्गात मोठ्या ऐटीत सांगितले खरे. पण त्या मागल्या बाकावरच्या मुलाचा अर्थही अगदीच चुकीचा नव्हता, असे आता वाटते.