घराची डागडुजी : गवंडी येण्यापूर्वीं

जुनें घर नीट करावयाचें ठरलें, कीं मंडळींच्या डोळ्यांपुढें प्रथम भिंतींचे रंग उभे राहतात. कोणास गुळगुळीत फरशी हवी असते, कोणास मोठी खिडकी. या हौशींत वाईट असें कांहीं नाहीं. परंतु डागडुजी सुखरूप पार पडणें हें गवंड्याच्या हातापेक्षां, तो येण्यापूर्वीं घरांत झालेल्या विचारावर अधिक अवलंबून असतें, असा आमचा अनुभव आहे. आणि हा अनुभव आम्हांस स्वस्तांत मिळालेला नाहीं.

आमच्या वाड्याच्या माजघराची एक भिंत दर पावसाळ्यांत ओल धरीत असे. भिंत विटांची व चुन्यांत बांधलेली. ठेकेदारानें जुना गिलावा पाडून सिमेंटचा करण्याची मसलत दिली आणि आम्हींही मान डोलाविली. पुढच्याच पावसाळ्यांत ओल दोन हात वर चढली व भिंतीवर पांढरा क्षार फुलला. कारण साधें होतें. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. भिंतींत शिरलेल्या पाण्याची वाफ त्यांतून बाहेर पडते. सिमेंटचा दाट थर ती वाट अडवितो, आणि कोंडलेलें पाणी वर चढत जातें. खरा दोष छपराच्या पन्हळींत होता. ती फुटल्यामुळें सारें पाणी भिंतीच्या पायथ्याशीं मुरत होतें. पन्हळ प्रथम बदलली असती, तर भिंतीला हात लावण्याची पाळीच आली नसती.

म्हणून पहिला नियम हा कीं, आधीं पाणी पाहावें, रंग शेवटीं. भिंती मातीच्या असल्यास तर हें फारच जपावें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां पुण्यांत नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे कित्येक वाडे पाण्यांत भिजून ढासळले. पावसाळ्यांत घरभर हिंडून ओल कोठें उतरते याची टिपणें करावीं. काम दिवाळीनंतर काढावें व मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आंत, संपवावें. सिमेंटचें काम निदान ७ दिवस पाणी मारून ओलें ठेवावें लागतें, आणि काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात. घाई करणाऱ्या मंडळींस हें आधींच सांगून ठेवावें.

जुना तैलरंग खरवडतांनाही सावध असावें. भारतांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षां अधिक नसावें, हा निर्बंध १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वींच्या रंगांत शिसें असूं शकतें, आणि त्याची धूळ लहान मुलांस व गर्भवती स्त्रियांस फार घातक. तो कोरडा घासूं नये. ओला करून काढावा, व तितके दिवस मुलांस तेथें फिरकूं देऊं नये. एखादी भिंत वा खांब काढावयाचा असल्यास अभियंत्यास दाखवावा, आणि नगरपालिकेची परवानगी लागते कीं काय तें विचारावें. करार लेखी असावा, आणि पैसे काम होईल तसतसे द्यावे. जुनें घर उकलल्यावर आंतून काय निघेल याचा नेम नसल्यानें, ठरलेल्या खर्चाचा पांचवा हिस्सा निराळा राखून ठेवावा.

आतां सर्वांत नाजूक गोष्ट. आमच्या घरीं स्वयंपाकघराचा नवा ओटा किती उंच असावा हें आम्हां भावांनीं ओटीवर बसून ठरविलें. तो एवढा उंच झाला, कीं वहिनींना तीन वर्षें खांदे उचलून पोळ्या लाटाव्या लागल्या. त्या एका शब्दानेंही बोलल्या नाहींत. परंतु पुढें खांदा धरला, तेव्हां आमचे डोळे उघडले. ओटा फोडून पुन्हां बांधला, तोही वहिनींस उभें करून माप घेतल्यावर. जी जागा जो वापरतो, त्याचें मत तेथें पहिलें घ्यावें. न्हाणीघराचा उंबरठा आजोबांस विचारून ठरवावा. देवघर हलवावयाचें तर आजीस. सर्वांचें ऐकून झालें, म्हणजे मात्र गवंड्याशीं बोलण्याचें काम एकाकडेच सोंपवावें. पांच जणांनीं पांच हुकूम सोडले, तर त्याला काम पाडून पुन्हां करावें लागतें, आणि त्याचे पैसे आपणच भरतों.

काम एकेका खोलीचें काढावें, म्हणजे चूल बंद पडत नाहीं. तरी दोन महिने धूळ आणि आदळआपट सोसावीच लागते. पण ज्याचें म्हणणें आधीं ऐकून घेतलें आहे, तो माणूस ती हंसत सोसतो.