नातवंडांचा पहिला गळ

कयाधू एकाच दिशेने वाहते. पैनगंगा आणि पूर्णाही तशाच. हिंगोली जिल्ह्यात वाढलेल्या माणसाची पाण्याविषयीची समज या नद्यांवर आणि सिद्धेश्वर, इसापूरच्या जलाशयांवर घडलेली असते. पूर आला तर तो वरून येतो, काठ बुडवतो आणि यथावकाश ओसरतो. समुद्राचे तसे नाही. त्याचे पाणी दिवसातून साधारणपणे दोनदा चढते आणि दोनदा उतरते, आणि तेही रोज निराळ्या वेळी. सकाळी ज्या कोरड्या खडकावर आपण नातवाला घेऊन निवांत बसलो, त्याच्या चारही बाजूंना दुपारी पाणी असू शकते.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या भागातली अनेक कुटुंबे पाचशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून कोकणात जातात. तेथे गेल्यावर खाडीच्या धक्क्यावर कोणी गळ टाकून बसलेला दिसला की सहा-सात वर्षांची नातवंडे हट्ट धरतात, "आजोबा, आपणही मासे पकडू या!" आजोबांनाही लहानपणी नदीकाठी केलेले उद्योग आठवतात. मुलगा आणि सून प्रवासाने थकलेली असतात. ती म्हणतात, "आजोबा आहेत ना सोबत, मग काळजी नाही."

या वाक्यात प्रेम आहे, विश्वासही आहे. परंतु समुद्रकाठी ते तसेच स्वीकारू नये. लहान मूल आणि वृद्ध व्यक्ती यांना एकमेकांच्या भरवशावर पाण्याजवळ सोडणे दोघांच्याही हिताचे नाही. हा आनंद नातवंडांना जरूर द्यावा, पण थोड्या तयारीनिशी.

तिथीवरून भरती

या तयारीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीपासूनच अवगत असते. ती म्हणजे पंचांग. कोकणात भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, येईल ती साधारण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पंचमीला पावणेचार. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. चंद्राच्या गतीमुळे ही वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जुळतो.

हा अंदाज आहे, हे विसरू नये. गावागावांत, खाडीच्या मुखाशी आणि आतल्या भागात वेळ बदलते. म्हणून आदल्या संध्याकाळी स्थानिक कोळी बांधवांना किंवा उतरलेल्या घराच्या मालकांना विचारून खात्री करून घ्यावी. तरीही हा हिशेब स्वतः करता येणे मोलाचे आहे, कारण त्यामुळे सहलीचा दिवस निवडता येतो.

लहान मुलांसाठी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान भरती पूर्ण होणारा दिवस बरा. दशमी, एकादशी आणि द्वादशी या तिथी त्यात बसतात. दिवाळीची सुटी तुळशीच्या लग्नापर्यंत लांबली असेल तर कार्तिक द्वादशीला नवाच्या सुमारास भरती मिळेल. सातला धक्क्यावर जावे. चढत्या पाण्याबरोबर मासे खाडीत शिरतात, त्यामुळे गळाला काही लागण्याची शक्यता याच वेळी अधिक. पाणी उतरू लागले की सामान आवरावे. ओहोटीचा प्रवाह खाडीच्या मुखाशी समुद्राकडे ओढतो, आणि तोवर ऊनही वर आलेले असते.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात, अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीला भांग. मुंबईकडे उधाणाचे पाणी साडेचार मीटरपर्यंत चढते. दक्षिणेकडे मालवणला हा चढउतार कमी असतो. पाणी सर्व तास सारख्या वेगाने चढत नाही, हेही ध्यानात ठेवावे. भरतीच्या सहा तासांपैकी पहिल्या आणि शेवटच्या तासात ते जेमतेम हलते. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र एकूण चढाच्या जवळजवळ निम्मे चढून जाते. खडकावर अडकणारी माणसे बहुधा याच दोन तासांत अडकतात.

जागा कोणती निवडावी?

मोकळ्या समुद्रातील खडक आणि लाटा फुटणारा किनारा पहिल्या वेळेस सर्वस्वी टाळावा. शेवाळलेल्या खडकावर तरुणांचाही पाय घसरतो, आणि आपल्या वयात एका घसरण्याची किंमत खुब्याच्या हाडाने मोजावी लागते. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात.

खाडीकाठचा रुंद, सपाट, शक्यतो कठडा असलेला धक्का निवडावा. होड्यांची ये-जा असेल तर कोपऱ्यात बसावे आणि बसण्यापूर्वी तेथील लोकांची परवानगी घ्यावी.

मुले पाच वर्षांच्या आतली असतील तर गळाचा विचारच करू नये. मालवण, वेंगुर्ले परिसरात सकाळी किनाऱ्यावर रापण ओढली जाते. होडीतून अर्धवर्तुळाकार टाकलेल्या मोठ्या जाळ्याची दोन्ही टोके माणसे वाळूवर उभी राहून ओढत आणतात. कोरड्या वाळूवर थांबून हे पाहणे ही लहानग्यांसाठी मासेमारीची उत्तम पहिली ओळख आहे.

पावसाळ्यात मात्र हा बेतच नको. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. ती माशांच्या प्रजननासाठी आहे आणि खवळलेल्या समुद्रापासून जीव वाचवण्यासाठीही. समुद्रावर आयुष्य काढणारे ज्या दिवसांत थांबतात, त्या दिवसांत पाहुण्यांनी पाण्याकडे जाऊ नये.

आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा

जाण्यापूर्वी घरीच, कोणालाही न सांगता, स्वतःची परीक्षा घ्यावी.

जमिनीवर बसल्यावर हाताचा आधार न घेता मला उठता येते का? नातवाला कडेवर घेऊन मऊ वाळूतून शंभर पावले चालता येते का? लाटांच्या आवाजात त्याने दहा हातांवरून मारलेली हाक मला ऐकू येते का?

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल, तर पाण्याच्या बाजूची जागा आपली नव्हे. हे मान्य करणे जड जाते. ज्या हातांनी मुलांना विहिरीत पोहायला शिकवले, त्यांनी आता खुर्चीवर बसावे, ही कल्पना मनाला लागते. पण खुर्चीवरच्या माणसालाही मोठे काम आहे. घड्याळ, भरतीची वेळ, पाण्याची बाटली, औषधे आणि "आता पुरे, निघा" हे सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे असावा, आणि तरुणांनी तो शब्द वाद न घालता पाळावा.

मुलाजवळ मात्र एक धडधाकट प्रौढ हवाच, हात लांबवला तर पोहोचेल इतक्या अंतरावर. गळ सोडवणे, आमिष लावणे, फोटो काढणे ही कामे दुसऱ्याने करावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 2 लाख 36 हजार लोक बुडून मरण पावले. एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण सर्वाधिक आढळते. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, हातही हलवत नाही. ते निमूटपणे पाण्याखाली जाते. म्हणून धक्क्यावर पाऊल ठेवण्यापूर्वीच मुलाला मापाचे जीवरक्षक जाकीट घालावे आणि पट्टे आवळावेत. खांद्यांना धरून वर उचलल्यावर ते हनुवटीपर्यंत सरकत असेल तर ते मोठे आहे. हवेने फुगवायच्या नळ्या आणि खेळणी यांना जाकिटाचा पर्याय समजू नये.

सामान आणि सराव

लहान मुलांना महागडी काठी आणि फिरकी नको. लाकडी रिळावर गुंडाळलेला तंगूस, शिशाचे छोटे वजन, एकच लहान गळ आणि आमिषाला कोळंबीचा तुकडा एवढे पुरे. गळाच्या टोकाशी असलेला उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. मासा कधी निसटेल, पण गळ बोटात रुतला तर तो सहज निघेल, हा लाभ मोठा आहे.

गळ टाकण्याचा सराव हिंगोलीच्या अंगणातच करून घ्यावा. तंगुसाला गळाऐवजी लोखंडी नट बांधावा, दहा पावलांवर बादली ठेवावी आणि मुलांना तीत नेम धरायला लावावे. "टाकण्यापूर्वी मागे वळून पाहायचे" हा नियम तेथेच अंगवळणी पडतो. सराव म्हणून मुलांना धरणाच्या भिंतीवर किंवा जलाशयाच्या काठावर नेऊ नये. तेथला तळ अचानक खोल होतो.

धक्क्यावर सर्वांच्या डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी असावी. पायात मागे पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे घालावीत. सोबत शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी आणि गरम पाण्याचा थर्मास घ्यावा.

इजा झाल्यास

थर्मास चहासाठी नाही. शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांत विष असते. पाकटाच्या शेपटीतील काट्यातही. 2013 च्या गणेशविसर्जनात मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर पाकटांच्या दंशाने अनेक भाविक जखमी झाले होते. अशी इजा झाली तर तो भाग सोसवेल इतक्या गरम, पण 45 अंश सेल्सियसहून अधिक नसलेल्या पाण्यात 30 ते 90 मिनिटे बुडवून ठेवावा. उष्णतेने विषाचा जोर ओसरतो. पाण्याची गरमी दुसऱ्या व्यक्तीने निरोगी हाताने तपासावी, कारण मधुमेहींच्या पायांना चटका जाणवत नाही. त्यानंतर डॉक्टरांना दाखवावेच. काटा खोल रुतला असेल तर उपसू नये.

शिंगाळा गळाला लागला तर तंगूस कापून त्याला जाऊ द्यावे. फुग्यासारखा फुगणारा केंड मासा कोणीही खाऊ नये. त्याचे विष शिजवूनही नष्ट होत नाही.

गळ डोळ्याजवळ किंवा खोल रुतला तर ओढू नये. तंगूस कापावा, गळ हलणार नाही असा झाकावा आणि रुग्णालय गाठावे. धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी लहान जखमेवरही दाब देऊन बसावे. मधुमेह किंवा यकृताचा विकार असलेल्यांनी पायाला जखम असताना खाऱ्या पाण्यात उतरू नये. कोमट समुद्रपाण्यातील काही जंतू अशा रुग्णांत गंभीर संसर्ग घडवतात. जखम लाल होऊन वेगाने सुजू लागली तर सकाळची वाट पाहू नये. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि इतर आपत्तीसाठी 112 हे क्रमांक मुलांनाही पाठ असावेत.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी पहाटेच्या उत्साहात उपाशी निघू नये. लघवी अधिक होणारी रक्तदाबाची औषधे चालू असतील तर दमट उन्हात भोवळ येऊ शकते; प्रवासापूर्वीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे. कोकणात पोहोचल्याचा पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा.

माळकऱ्यांच्या घरी

संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी आपल्याच जिल्ह्यातले. येथे अनेक घरांत गळ्यात तुळशीची माळ आहे आणि मासे ताटात येत नाहीत. अशा घरातील आजोबांनी नातवाला काय सांगावे? जे वाटते ते सरळ सांगावे. गळ टाकायचा नसेल तर धक्क्यावर बसून कोळ्यांचे काम पाहण्यातही सकाळ छान जाते. ज्यांच्या घरी चालते, त्यांनीही खाण्यापुरताच मासा ठेवावा. लहान मासा ओल्या हाताने धरून, गळ हळुवार काढून, लगेच पाण्यात सोडावा. मुलाने "त्याला दुखले का?" असे विचारले तर हसण्यावारी नेऊ नये. "दुखले असेल, म्हणून तर घाई करायची," एवढे उत्तर पुरेसे आहे.

आणि बहुतेक वेळा काहीच लागणार नाही. अर्ध्या तासात मूल कंटाळेल. तेथे आपला खरा उपयोग आहे. वाट कशी पाहावी, हे घरात आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? पाण्याची रेघ धक्क्याच्या कितव्या पायरीवर आहे ते त्याला मोजायला सांगा. दर दहा मिनिटांनी पुन्हा मोजू द्या. समुद्र चढताना त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

घरी परतल्यावर तंगूस आणि वजन गोड्या पाण्याच्या बादलीत धुवून उन्हात वाळवावे; मीठ राहिले तर लोखंड गंजते. गळ मुलांच्या हाती लागणार नाही अशा डब्यात बंद करावा. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर नातवाला उभे करून विचारावे, "आज षष्ठी आहे, सांग बरे, कोकणात भरती किती वाजता?" त्याने बोटांवर हिशेब करून "साडेचार" म्हटले की समजावे, पुढच्या सुटीत तो पाण्याकडे धावण्यापूर्वी आपल्याला वेळ विचारील.