रक्तपेशींचे बांधलेले रुमाल

कलकत्त्यास एस्प्लनेडहून चित्तरंजन अव्हेन्यूने उत्तरेकडे निघाले, की 'स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन' ही जुनी संस्था लागते. विसाव्या शतकाच्या मध्यास डॉ. ज्योतिभूषण चटर्जी यांनी तेथे हीमोग्लोबिन-ई आणि थॅलेसेमिया यांच्या संयोगाने होणाऱ्या आनुवंशिक रक्तक्षयाचा मूलगामी अभ्यास केला. विदर्भातील सिकलसेल हा त्याच कुळातला रोग होय. मातापित्यांकडून एकेक सदोष जनुक अपत्याच्या वाट्याला आले, म्हणजे रक्तातील हीमोग्लोबिन बिघडते किंवा अपुरे पडते. तीव्र थॅलेसेमियाच्या मुलास दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. आणि त्या रक्तातले लोह यकृतात व हृदयात साचत जाते.

आश्चर्य असे, की या रोगावरील उतारा रुग्णाच्या शरीरातच असतो. गर्भावस्थेत हीमोग्लोबिनचा एक भाग निराळ्या जनुकाच्या आज्ञेने बनतो. जन्मानंतर काही महिन्यांत ते जनुक जवळजवळ मुके होते. नष्ट मात्र होत नाही.

अस्थिमज्जेतील मूलपेशी आयुष्यभर रक्त निर्माण करतात. प्रत्येकीजवळ जनुकांचे संपूर्ण दप्तर असते. परंतु जुन्या दप्तरखान्याप्रमाणे काही रुमाल उघडे, तर काही घट्ट बांधलेले. डीएनएला चिकटणारे मेथिल कण आणि डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरील खुणा, याच त्या गाठी. कागदावरील अक्षर बदलत नाही, वाचन तेवढे थांबते. यालाच अधिजनुकीय नियंत्रण म्हणतात.

१९८२ साली अमेरिकेत मेथिलच्या गाठी सैल करणारे अ‍ॅझासायटिडीन हे औषध थॅलेसेमियाच्या एका रुग्णास देण्यात आले, आणि मुके जनुक बोलू लागले. पण ते औषध विषारी होते. सिकलसेलसाठी पुढे हायड्रॉक्सियुरिया हे अधिक सोयीचे औषध रूढ झाले. तेही गर्भकालीन हीमोग्लोबिन वाढविते. २००८ साली हा रुमाल बांधून ठेवणारा कारकून सापडला: 'बीसीएल११ए' नावाचे प्रथिन. रुग्णाच्याच मूलपेशी बाहेर काढून, तांबड्या पेशींपुरता त्या कारकुनाचा अधिकार काढून घ्यावयाचा आणि त्या परत शरीरात सोडावयाच्या, या उपचारास २०२३ साली ब्रिटनने प्रथम मान्यता दिली. सदोष अक्षर तसेच राहिले. निर्दोष पान मात्र उघडले.

तथापि त्यासाठी आधी तीव्र औषधांनी मज्जा रिकामी करावी लागते, आणि खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे. दोघेही वाहक असलेल्या दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास रोगाचा संभव चारांत एक असतो. म्हणून विवाहापूर्वी केलेली रक्ततपासणी, पत्रिकेतील छत्तीस गुणांहूनही, अधिक मोलाची ठरते.