ठिबकाच्या व्हॉल्व्हला विजेचा क्षणिक स्पंद

ज्या बागेत ठिबकाचे व्हॉल्व्ह विहिरीपासून दूर आहेत व तेथपर्यंत विजेची तार नाही, अशा ठिकाणी बॅटरीवर चालणारी स्वयंचलित पेटी बसविण्याचा प्रघात वाढत आहे. पुष्कळदा गावातील एखादा होतकरू तरुणच ती जुळवितो. पहिल्या दोन रात्री ती उत्तम चालते. तिसऱ्या सकाळी बॅटरी रिकामी आणि फुलोऱ्यातील डाळिंब तहानलेले, असा अनुभव येतो. दोष बहुधा बॅटरीस दिला जातो. वास्तविक तो व्हॉल्व्हच्या निवडीत असतो.

साधा विद्युत्‌ व्हॉल्व्ह हे हाताने लोटून धरलेले दार होय. हात निघाला की दार मिटते. १२ व्होल्टचा असा व्हॉल्व्ह सुमारे ०.४ अँपिअर वीज घेत असेल, तर ८ तासांत ३.२ अँपिअर-तास खर्ची पडतात. ७ अँपिअर-तासांची बॅटरी अशा दोन रात्रींतच संपावी, यात नवल नाही. लॅचिंग व्हॉल्व्ह मात्र कडी घातलेल्या दारासारखा असतो. त्यातील दट्ट्यास कायम चुंबक धरून ठेवतो. वीज लागते ती केवळ कडी काढण्याघालण्यापुरती. एका दिशेने स्पंद दिला की व्हॉल्व्ह उघडतो, तारांची अदलाबदल करून तोच स्पंद दिला की मिटतो. लॅचिंग रिलेचे तत्त्वही हेच आहे.

दिशा बदलण्याचे हे काम मायक्रोकंट्रोलरच्या हातून परस्पर होणे नाही. त्याच्या एका पायातून सुमारे २० मिलिअँपिअरपेक्षा अधिक वीज घेऊ नये. उलट, ६ ओहमच्या कॉईलला १२ व्होल्टवर क्षणभर २ अँपिअर लागतात. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर घालावे लागतात. कॉईलच्या प्रत्येक टोकास एक वरचा व एक खालचा, असे चार मॉस्फेट योजावेत. वरच्या दोन जागी आयआरएफ ९५४०, खालच्या दोन जागी आयआरएलझेड ४४ चालतात. ५ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर खालच्यांना सरळ चालवू शकतो. वरच्यांची गेट मात्र बीसी ५४७ या लहान ट्रान्झिस्टरकरवी खाली ओढावी लागते आणि एरवी ती रोधकाने १२ व्होल्टशी बांधलेली असावी. मायक्रोकंट्रोलरची व बॅटरीची ऋण तार एकत्र जोडण्याचे विसरू नये. पुष्कळ पेट्या एवढ्याच एका चुकीने बंद असतात.

एकाच बाजूचे वरचे व खालचे मॉस्फेट एकाच वेळी कधीही चालू होता कामा नयेत. तसे झाल्यास वीज कॉईलमध्ये न जाता सरळ धनाकडून ऋणाकडे धावते. व्हॉल्व्ह हलत नाही आणि मॉस्फेट जळण्याचा संभव असतो. मायक्रोकंट्रोलर सुरू होताना त्याचे पाय क्षणभर अधांतरी असतात, हे ध्यानात घेऊन खालच्या गेटांवर व बीसी ५४७ च्या बेसवर १० किलोओहमचे रोधक ऋणाकडे जोडावेत.

बॅटरीपासून थेट वीज देण्याऐवजी मध्ये १०० ओहम, २ वॅटचा रोधक व त्यापुढे ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कंडेन्सर ठेवणे श्रेयस्कर. कंडेन्सर सावकाश भरतो आणि एकदम रिता होतो. एखादा मॉस्फेट अडकून चालूच राहिला, तरी कॉईलमधून ०.१२ अँपिअरहून अधिक वीज जात नाही व कॉईल वाचते. दोन स्पंदांमध्ये ३ सेकंद जाऊ द्यावेत. उघडणे व मिटणे धरून एका रात्रीचा खर्च साध्या व्हॉल्व्हच्या खर्चाचा एक लक्षांशही भरत नाही.

कडीचा जो गुण, तोच तिचा धोका. साधा व्हॉल्व्ह वीज गेली की आपोआप मिटतो. लॅचिंग व्हॉल्व्ह उघडा असता बॅटरी संपली तर तो उघडाच राहतो, टाकी रिती होते, आणि सोडलेले खत एकाच वाफ्यात मुरते. याकरिता बॅटरीचा दाब ११.५ व्होल्टवर येताच सर्व व्हॉल्व्ह मिटावेत, अशी आज्ञा मायक्रोकंट्रोलरमध्ये लिहून ठेवावी. उंदराने तार कुरतडली तर एवढा अवधीही मिळत नाही. कंडेन्सरमध्ये मात्र एका स्पंदापुरता साठा असतो. मायक्रोकंट्रोलर तेवढा वेळ जागा राहावा म्हणून त्याच्या पुरवठ्यावर डायोड लावून १००० मायक्रोफॅरडचा वेगळा कंडेन्सर द्यावा. साठा एकाच स्पंदाचा असल्याने एका वेळी एकच वाफा चालू ठेवणे हितावह. पंप सुरू असता सर्व व्हॉल्व्ह मिटल्यास दाब चढतो. मुख्य नळीवर दाबमुक्ती व्हॉल्व्ह नसेल तर तो आधी बसवावा.

पेटी सुरू होताच प्रथम मिटण्याचा स्पंद द्यावा, कारण दट्ट्या कोणत्या स्थितीत आहे हे मायक्रोकंट्रोलरला कळत नाही. स्पंद गेला म्हणजे व्हॉल्व्ह मिटला असेही नव्हे. वाळूचा एक कण बारीक छिद्रात अडकला तरी पाणी वाहत राहते. म्हणून १२० मेशची गाळणी नियमित धुवावी आणि व्हॉल्व्हच्या पुढे दाब दाखविणारी कळ जोडावी. नव्या पेटीची पहिली चाचणी रात्रीवर न सोडता दिवसा, माणूस वाफ्यावर उभा असता, घेतली जावी. बॅटरीची तार मुद्दाम काढून व्हॉल्व्ह मिटतो की नाही, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.