खेपेचा हिशेब

आमच्या दारात तीन टिपर उभे असतात. नवीन पाहुणे आले की आधी दचकतात, मग विचारतात, "हे सगळं कोण बघतं?" मी म्हणते, "मीच." सहा वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा तिन्ही गाड्यांचे हप्ते चालू होते. विकायच्या म्हटलं तर कर्जसुद्धा फिटत नव्हतं. मला साधी स्कूटी धड येत नव्हती, पण घरचा जमाखर्च पंचवीस वर्षं लिहीत आले होते. तेवढ्या भांडवलावर बसले.

क्रशरवरून खडी आणि क्रश सँड उचलायची, साइटवर टाकायची, हे आमचं काम. ड्रायव्हरला पैसे खेपेवर. जितक्या खेपा जास्त, तितके पैसे जास्त. मलाही ते बरं वाटायचं. गाडी पळाली की हप्ता निघतो, एवढंच कळत होतं.

मग एका बंगल्याच्या साइटवर गाडी मागे घेताना गवंड्याची चार वर्षांची मुलगी चाकापाशी आली. एका बिगारी बाईनं डोक्यावरचं घमेलं टाकून तिला ओढलं. चाकाखाली नुसती चप्पल गेली.

त्या दिवशी गाडीवर क्लीनर नव्हता. त्याचा पगार वाचावा म्हणून मीच त्याला कमी केलं होतं. मागे घेतानाचा भोंगा दोन महिने बंद होता. ड्रायव्हरनं सांगितलं होतं, मी म्हटलं होतं, "पासिंगच्या वेळी बघू." रात्री त्याला बोलायला तोंड उघडलं आणि गप्प बसले. त्याची ती दिवसातली सातवी खेप होती, आणि सातवी खेप मारायचे पैसे मीच त्याला देत होते.

दुसऱ्या महिन्यापासून खेपेचा हिशेब बंद केला. महिन्याचा पगार, वर डिझेलचं ॲव्हरेज चांगलं आलं तर बक्षीस. ड्रायव्हर म्हणाले, "वहिनी, मग पळायचं कशाला?" म्हटलं, "तेच तर, पळू नका!" एक जण सोडून गेला, दोघं राहिले. क्लीनर परत घेतला. पहिले दोन महिने हातात इतकं कमी आलं की पाटल्या गहाण टाकाव्या लागल्या, हेही सांगायला हवं.

ओव्हरलोडचं तसंच. एक ब्रास खडी म्हणजे सव्वाचार-साडेचार टन. दहा चाकी गाडीला 2018 पासून गाडीच्या वजनासकट 28.5 टनांची मर्यादा आहे, म्हणजे चार ब्रासच्या आतबाहेर. लोक सहा भरतात! 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दंड 20 हजार, शिवाय प्रत्येक जादा टनामागे 2 हजार. आठ टन जादा असले तर 36 हजार झाले. दंड चुकवता येतो असं सांगणारे पुष्कळ भेटतात, पण टायर, पाटे आणि ब्रेकचे लायनर कुणाला चुकवता येत नाहीत. आणि आपल्याच गावचा रस्ता? चाकावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते, असं रस्त्याचे इंजिनिअर सांगतात. खड्ड्यांवरून ग्रामपंचायतीला बोल लावताना हे मला आता आठवतं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो न्यूट्रलवरून. उताराला गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचतं, ही ड्रायव्हर लोकांची पक्की समजूत. काही तर इंजिनच बंद करतात. 20 नोव्हेंबर 2022 ला पुण्याच्या नवले पुलावर एका ट्रकनं सुमारे 48 गाड्यांना ठोकरलं. ड्रायव्हरनं उतारावर इंजिन बंद केल्याचं पोलिसांच्या प्राथमिक तपासात आलं होतं. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो, आणि ती हवा इंजिन चालू असेल तरच भरते. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तर हल्लीचं इंजिन डिझेल घेणंच थांबवतं. म्हणजे वाचतं ते गिअरमध्येच! हे मेकॅनिकनं समोर उभं राहून समजावलं तेव्हा कुठे पटलं. डिझेल वाया जातं ते क्रशरवर नंबर लागेपर्यंत इंजिन चालू ठेवून. तिथे चावी काढायची, एवढं सांगितलं. येताना रिकामं न येता मुरूम किंवा डबर मिळतो का, हे मी आदल्या रात्री फोन करून बघते.

सकाळी चहाबरोबर माझी फेरी असते. हवेच्या टाकीतलं पाणी सोडलं का, चाकाचे नट घट्ट आहेत का, ताडपत्री फाटली नाही ना. ताडपत्री नसेल तर खडीची धूळ मागच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यात जाते, त्या दुचाकीवर आपलीच लेक असू शकते. हौदा उचलण्याआधी वर विजेची तार आहे का बघायचं, आणि उचललेल्या हौद्याखाली टेकू लावल्याशिवाय कुणी शिरायचं नाही. लायसन्सच्या तारखा कॅलेंडरवर गॅसच्या नंबराशेजारी लिहिलेल्या आहेत. लायसन्स संपलेलं निघालं तर विमा कंपनी भरपाईचे पैसे मालकाकडून वसूल करू शकते, हे मला फार उशिरा कळलं.

वर्षअखेरीला टायरचा खर्च उतरलेला दिसला. विश्वास बसेना म्हणून वही दोनदा तपासली. पाटल्या सोडवल्या, एक हार मात्र अजून तिथेच आहे.

गेल्या आठवड्यात एका कंत्राटदाराचा फोन आला. "वहिनी, सहा ब्रास भरून पाठवा, दुसरे पाठवतात." म्हटलं, "भाऊ, चार मिळतील." त्यांनी फोन ठेवला. ती गाडी चार दिवस दारातच उभी आहे. ड्रायव्हर बसून कंटाळला, आज सकाळपासून ग्रीसिंग करतोय.