सूर्य सीएसएमटीला, तर शनी दादरला

आमच्या वर्गात एकाच ग्रहाला तीन नावं आहेत. उर्दूच्या पुस्तकात तो जुहल, मराठीच्या तासाला शनी आणि यूट्यूबवर सॅटर्न. घरी दादी-नानी शनिवारला 'सनीचर' म्हणतात, ते चौथं. उर्दूतून शिकलेली मुलं पुढे मराठी किंवा इंग्रजीकडे वळली की काहींना हे वेगवेगळे ग्रह वाटतात. एका मुलीने पेपरात 'जुहलच्या पुढे शनी येतो' असं लिहिलं होतं. बाकीचा क्रम बरोबर होता, म्हणून मी अर्धा मार्क दिला. मुश्तरी म्हणजे गुरू, मिर्रीख म्हणजे मंगळ, जोहरा म्हणजे शुक्र, उतारिद म्हणजे बुध. ही जोडी-यादी घरात एकदा भिंतीवर लावाच, आठवी-नववीच्या मुलांचा निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

या नावांचे अर्थही बघण्यासारखे आहेत. संस्कृतात शनैश्चर म्हणजे हळूहळू चालणारा. अरबीतल्या 'जुहल'चा संबंध दूर सरकण्याशी जोडला जातो. एका भाषेने त्याचा संथपणा पकडला, दुसरीने त्याचं लांब असणं. आणि या दोन गोष्टी एकच आहेत. सूर्यापासून जो जितका दूर, तो तितका संथ चालतो, शिवाय त्याची फेरीही तितकी मोठी. पृथ्वी सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर पळते, शनी 10 किलोमीटरच्याही आत. त्यामुळे आपली एक फेरी एका वर्षात होते आणि शनीच्या एका फेरीला आपली साडेएकोणतीस वर्षं लागतात. म्हणजे चाळिशीतल्या माणसाच्या आयुष्यात त्याच्या दोन फेऱ्याही पूर्ण झालेल्या नसतात.

दुर्बीण नव्हती तेव्हाही लोकांनी हे ओळखलं होतं. बगदाद असो की उज्जैन, सूर्य-चंद्र धरून आकाशातल्या सात फिरत्या गोलांत सगळ्यात हळू तोच, म्हणून सगळ्यात दूरही तोच, असा हिशोब त्यांनी मांडला. त्यांच्या रचनेत पृथ्वी मध्यभागी होती, ते पुढे चुकीचं ठरलं. पण शनीची जागा बरोबर निघाली. 1781 मध्ये युरेनसचा शोध लागेपर्यंत माणसाच्या लेखी सूर्यमाला शनीपाशीच संपत होती.

आता अंतराचं बघू. सूर्यापासून पृथ्वी 15 कोटी किलोमीटरवर आणि शनी सरासरी 143 कोटी किलोमीटरवर आहे. हे आकडे मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात, कारण कोटी किलोमीटर कुणी पाहिलेले नसतात. म्हणून मी सेंट्रल लाइन वापरते. सूर्य सीएसएमटी स्टेशनावर ठेवा. शनीला दादरला उभा करा, मध्ये साधारण नऊ किलोमीटर. याच मापाने बुध आणि शुक्र मस्जिद स्टेशन यायच्या आधीच संपतात. पृथ्वी मस्जिद स्टेशनाच्या थोडी अलीकडे, मंगळ थोडा पलीकडे. मग सँडहर्स्ट रोड, भायखळा... मोठा ग्रह कुठलाच नाही, फक्त लघुग्रहांचा चुरा. गुरू येतो तो चिंचपोकळीला, लालबागच्या दारात. त्यानंतर करी रोड, परळ रिकामे, आणि दादरला शनी. पुढे युरेनससाठी विद्याविहार-घाटकोपर गाठावं लागतं आणि नेपच्यून भांडुपच्या पुढे.

या नकाशात सूर्य केवढा? जवळपास तीन मजली इमारतीएवढा उंच गोळा. पृथ्वी एका मोसंबीएवढी. चंद्र म्हणजे तिच्यापासून अडीच मीटरवरचं एक बोर. दादरचा शनी पाऊण मीटर रुंद, लग्नाच्या बिर्याणीच्या देगेसारखा, आणि त्याच्याभोवतीची कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेदोन मीटर. एवढ्या लांबून त्या देगेला सीएसएमटीच्या सूर्याची काय ऊब मिळणार? आपल्या मानाने नव्वदावा हिस्सा. त्याच्या ढगांच्या थरांत तापमान उणे 140 अंशांच्या आसपास असतं.

याच मापात प्रकाशाचा वेगही बसवता येतो, आणि मुलांना हेच सगळ्यात जास्त आवडतं. प्रकाश इथे झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जातो. सीएसएमटीहून निघालेला किरण सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर आणि सुमारे 80 मिनिटांत दादरला. रेल्वे बंद पडली की जो वेळ तुम्हाला चालत लागतो, तोच.

शनी स्वतः बहुतेक हायड्रोजन आणि हेलियम या वायूंचा आहे. पाय ठेवायला जमीन नाही. आपल्यासारख्या साडेनऊ पृथ्व्या त्याच्या रुंदीत शेजारी-शेजारी बसतील, पण आकाराच्या मानाने तो इतका हलका की त्याची घनता पाण्याहून कमी भरते. साडेदहा तासांत स्वतःभोवती गिरकी घेतो, त्यामुळे मधोमध फुगलेला आणि वर-खाली चपटा दिसतो. त्याचे चंद्र मोजायचं काम अजून चालूच आहे. मार्च 2025 मध्ये एकदम 128 नव्या चंद्रांची भर पडली आणि आकडा 274 वर गेला. हे ऐकल्यावर एका मुलाने विचारलं, "टीचर, मग तिथे ईदचा चांद कुठला धरायचा?" त्यावर वर्गात जी चर्चा झाली, तशी गंभीर चर्चा आमच्या वर्गात क्वचितच होते.

पण शनीची खरी ओळख त्याची कडी. 1610 मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा त्याला ग्रहाच्या दोन बाजूंना दोन गोळे चिकटल्यासारखे दिसले. 1612 मध्ये ते गोळेच गायब! तो चक्रावून गेला. कोडं सुटलं ते डच शास्त्रज्ञ हायगेन्समुळे. त्याने 1655 मध्ये शनीचा सगळ्यात मोठा चंद्र टायटन शोधला (दिल्लीच्या तख्तावर तेव्हा शाहजहान होता) आणि 1659 मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की ग्रहाला न टेकलेलं एक पातळ, सपाट कडं त्याच्याभोवती आहे. ते आपल्याला कधी तिरपं दिसतं, कधी नेमकं कडेवरून.

जेवायच्या थाळीने हे घरी करून बघता येईल. थाळी डोळ्यांसमोर थोडी तिरपी धरा, गोल दिसेल. मग डोळ्यांच्या अगदी रेषेत आडवी करा, नुसती एक रेघ उरेल. शनीची 'थाळी' तर थाळीपेक्षा कितीतरी पातळ आहे. पावणेतीन लाख किलोमीटर रुंद आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटर. आपल्या सेंट्रल लाइनच्या नकाशात ही जाडी डोक्यावरच्या केसाच्या साधारण दहा लाखाव्या हिश्श्याएवढी होईल. 23 मार्च 2025 रोजी पृथ्वी बरोबर या कड्यांच्या पातळीतून गेली, म्हणून त्या वर्षी दुर्बिणीतून बघणाऱ्यांना शनी जवळपास 'बिनकड्याचा' दिसला. आता ती हळूहळू उघडत आहेत आणि 2032 च्या सुमाराला सगळ्यात ऐसपैस दिसतील.

ही कडी एकसंध नाहीत. घन असती तर तुटून गेली असती, हे मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने 1859 मध्ये कागदावर गणिताने दाखवलं, तेही कुठलंही यान तिथे जायच्या एकशे वीस वर्षं आधी. ते आहेत बर्फाचे असंख्य तुकडे. काही रेतीच्या कणाएवढे, काही घराएवढे, आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र चंद्रासारखा शनीभोवती फिरतोय. 2004 ते 2017 अशी तेरा वर्षं कॅसिनी यानाने हे जवळून पाहिलं. इंधन संपत आल्यावर 15 सप्टेंबर 2017 रोजी ते मुद्दाम शनीच्या वातावरणात सोडून जाळलं. कारण एन्सेलॅडस नावाच्या छोट्या चंद्राच्या बर्फाखाली पाणी आहे, त्यावर आपले जंतू पडू नयेत.

कडी फक्त शनीलाच, असं जुन्या पुस्तकांत असायचं. वरळीचं नेहरू तारांगण 3 मार्च 1977 रोजी सुरू झालं आणि एकाच आठवड्यात, 10 मार्चला, युरेनसलाही कडी असल्याचं उघड झालं. तमिळनाडूतल्या कवलूरच्या वेधशाळेनेही त्या रात्री तो वेध घेतला होता. पुढे गुरू आणि नेपच्यूनचीही सापडली. पण ती काळपट आणि विरळ आहेत. बर्फामुळे लखलखणारी शनीचीच.

आता जरा नाजूक विषय. शेजारच्यांच्या श्रद्धेवर मला बोलायचं नाही, आपल्याच घरातलं बोलते. आपल्याकडे 'साडेसाती' म्हणत नाहीत, पण 'सितारा गर्दिश में है' आणि 'सनीचर भारी है' हे सर्रास चालतं. जुन्या नुजूमींच्या पोथ्यांत मुश्तरी 'साद-ए-अकबर', म्हणजे सगळ्यात शुभ, आणि जुहल 'नहस-ए-अकबर', सगळ्यात अशुभ. जुहल आणि मुश्तरी एकत्र आले की तो 'किरान', त्यात जन्मला तो भाग्यवान. म्हणून तैमूर स्वतःला 'साहिब-ए-किरान' म्हणवून घ्यायचा आणि शाहजहानने 'साहिब-ए-किरान-ए-सानी', म्हणजे दुसरा, असा किताब नाण्यांवरही घातला. बादशहांना परवडतं हो.

आमच्याकडे दहावीच्या एका हुशार मुलीची अम्मी आली होती. कुणा उस्तादने सांगितलं होतं की लडकी पर सनीचर भारी है, दोन-अडीच वर्षं नवीन काही सुरू करू नका. म्हणजे नेमकी अकरावी-बारावी! सायन्सचा फॉर्म भरायचा की नाही, हे ती मला विचारत होती. उस्तादच्या हदियाचा आकडा मी इथे लिहीत नाही.

मी तिला फळ्यावर हिशोब दाखवला. हा 'अडीच वर्षं' आकडा कुठून येतो? आकाशाच्या पट्ट्याचे बारा भाग केले, त्या बारा राशी. शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची. साडेएकोणतीस भागिले बारा, उत्तर जवळपास अडीच. तो एका राशीत अडीच वर्षं दिसतो. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची अशा तीन धरल्या की साडेसात. संपली साडेसाती! हा अंतराचा हिशोब आहे, दादर सीएसएमटीपासून किती लांब आहे त्याचा. आणि बारापैकी तीन राशी म्हणजे चौथा हिस्सा. कुठल्याही दिवशी लालबाग-परळमधल्या साधारण दर चौथ्या माणसावर शनी 'भारी' असतो. साठ मुलींच्या वर्गात पंधरा जणी. मग त्या पंधराच्या पंधरा नापास व्हायला हव्यात. तशा होत नाहीत, हे मी वीस वर्षांचे निकाल बघून सांगू शकते.

ती म्हणाली, "टीचर, पण लोक म्हणतात ना." तेव्हा मी तिला तिलाही माहीत असलेली गोष्ट आठवून दिली. नबी-ए-करीम सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांचे लहान साहेबजादे इब्राहीम यांचा इंतकाल झाला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, त्यांच्यासाठीच लागलं. एवढ्या दुःखातही आपल्या नबींनी ते मान्य केलं नाही. कुणाच्या मरण्या-जगण्यामुळे चंद्र-सूर्याला ग्रहण लागत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. फॉर्म भरला गेला. मुलगी आता बारावीत आहे, फिजिक्सला रडते, पण ते सगळेच रडतात.

तो किरान आपल्या हयातीतही झाला. 21 डिसेंबर 2020 च्या संध्याकाळी गुरू आणि शनी एकमेकांच्या इतके जवळ दिसले की मधलं अंतर पौर्णिमेच्या चंद्राच्या पाचव्या हिश्श्याएवढं होतं. कोविडचे दिवस होते. मगरिबनंतर आमच्या गच्चीवर मास्क लावून दहा-बारा जण नैर्ऋत्येकडे बघत होतो. प्रत्यक्षात त्या दोघांत कोट्यवधी किलोमीटर होते, एक चिंचपोकळीला आणि एक दादरला. फक्त आपल्या नजरेच्या एकाच रेषेत आले होते.

शनी बघायला गावाला जावं लागत नाही, मुंबईच्या उजेडातही तो दिसतो. ऑक्टोबर 2026 च्या सुरुवातीला तो सूर्याच्या बरोबर समोर असेल. म्हणजे मगरिबच्या सुमाराला पूर्वेला उगवेल आणि इशानंतर गच्चीवरून आरामात दिसण्याइतका वर आलेला असेल. टॉवर आडवा आला तर अजून तासभर थांबा. फिकट पिवळसर आणि न लुकलुकणारा ठिपका, तोच. कड्यांसाठी मात्र दुर्बीण हवी, तीही साधी दोन डोळ्यांची नव्हे, स्टँडवरची. खगोल मंडळासारख्या संस्था वांगणीकडे रात्रीच्या आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतात. पुढच्या वेळी हाजी अलीला जाल तेव्हा वरळीचं तारांगणही तिथून फार लांब नाही, मराठी खेळाची वेळ आधी विचारून घ्या.

दुर्बिणीपाशी गेलात तर मुलांना सांगून ठेवा की नळीला हात लावायचा नाही, चित्र हलतं. आणि मिनिटभरात शनी आपोआप बाजूला सरकून दिसेनासा होतो, तेव्हा "पळाला, पळाला" असं ओरडायचं नाही. तो पळालेला नसतो. अख्खं लालबाग तुम्हाला घेऊन पूर्वेकडे फिरत असतं.